चाकं धुवायची वाइन

गाश्पारनं माझी वाइन सगळ्या गावादेखत जमिनीवर ओतली, तेव्हा मी हातात रिकामी सुरई धरून नुसती उभी होते. अजून आठवलं की कानशिलं तापतात.

नाताळानंतर योहान संताच्या दिवशी प्रत्येक घरानं नव्या वाइनची सुरई चर्चमध्ये न्यायची, पाद्रीबाबांचा आशीर्वाद घ्यायचा आणि मग बाहेर अंगणात एकमेकांच्या पेल्यात ओतून चाखायची, असा आमच्या किशहोमोक गावचा रिवाज. गाश्पार माझा थोरला दीर. त्यानं माझी वाइन पेल्यात घेतली, नाकाशी नेली, तोंड वाकडं केलं आणि सगळ्यांना दिसेल अशी सावकाश पायाजवळच्या बर्फात ओतली. कुत्र्यानं पाय वर करून जावं तसा पिवळा डाग पडला.

"हिला वाइन म्हणायचं?" तो म्हणाला. "संकराची औलाद! गाडीची चाकं धुवायला ठीक आहे, एतेल्का. माणसाला नको पाजूस."

अंगण खो खो हसलं. आणि माझा नवरा वेंदेल, त्याच गाश्पारचा सख्खा धाकटा भाऊ, तोही ओशाळून हसला. दिराचं मला काही वाटलं नाही, तो मेला आहेच तसा. नवऱ्याचं हसू मात्र काळजात रुतलं.

घरी येताना मी म्हटलं, "का हसलात?"

"सगळे हसले म्हणून हसलो," वेंदेल लंगडत लंगडत म्हणाला. "दादाचा स्वभावच तसा. कशाला मनावर घेतेस?"

"मी मनावरच घेणार. घेतलं म्हणून समजा."

सासऱ्यांच्या मळ्याचे दोन तुकडे होते. एक टेकाड, एक खळगा. टेकाडावर ऊन सकाळपासून संध्याकाळपर्यंत, थंडी अंगाला लागली तरी घसरून खाली जायची. आणि खाली म्हणजे कुठं, तर खळग्यात. तिथं गारठा साचून बसायचा, एप्रिलातसुद्धा कोंब काळे करून टाकायचा. टेकाडावर सासऱ्यांनी एझेर्यो लावली होती, या वाळूतली जुनी, मानाची जात. ते थकल्यावर ती राखली आम्ही दोघांनी. एझेर्यो थंडीला भित्री. दर नोव्हेंबरात प्रत्येक वेलीच्या बुंध्याशी कुदळीनं वाळू ओढून तिला कमरेपर्यंत पुरायचं आणि वसंतात परत उघडायचं. माझं कंबरडं त्या टेकाडावरच मोडलं. सासरे म्हणायचे, "टेकाड वेंदेलचं. ज्यानं पुरलं त्याचं." पण तोंडानं म्हणायचे, चार माणसांत कधी म्हणाले नाहीत.

ते गेले तेव्हा वेंदेल पाय मोडून दवाखान्यात पडलेला. वाइनचं पिंप गाडीवरून निसटून मांडीवर आलं होतं. मर्तिकाच्या जेवणावर गाश्पारनं डोळे पुसत सांगितलं, शेवटच्या घटकेला आबांनी माझा हात धरला आणि म्हणाले, टेकाड तुला. त्या घटकेला खोलीत तो एकटाच होता. कोण खोटं म्हणणार? वेंदेल कुबड्या घेऊन घरी आला आणि म्हणाला, "जाऊ दे. भाऊच आहे." आम्हाला खळगा आला.

खळग्यात काय जगणार? एझेर्यो तर एका हिवाळ्यात संपली असती. तेव्हा मी बियांका आणली. पांढऱ्या द्राक्षाची नवी, संकराची जात, एगेरकडच्या लोकांनी काढलेली. हिला कडाक्याची थंडी चालते, पुरावं लागत नाही. भुरी नाही, केवडा नाही, पानांचा कुठलाच रोग नाही. गावातले पुरुष उन्हाळाभर पाठीवर पंप घेऊन मोरचुदानं निळे होऊन फिरायचे तेव्हा मी सावलीला बसून घेवडे निवडायची. ऑगस्ट सरत आला की घड सोनेरी होऊन इतके गोड व्हायचे की गांधीलमाश्या वेड्या व्हायच्या. काड्या मी रुजवल्या, मी बांधल्या, पहिली चार वर्षं ससे खातील म्हणून खोडांना जुने मोजे गुंडाळले. गाव हसायचं. संकराची वाइन पिऊन माणूस वेडा होतो म्हणायचं. हसू देत.

तर त्या योहान संताच्या दिवसानंतर जानेवारीत जी थंडी पडली, तशी मी जन्मात पाहिली नव्हती. विहिरीची साखळी हाताला चिकटायची. रात्री वासे तडतड वाजायचे. कोंबड्यांचे तुरे काळे पडले, आमचा म्हातारा कुत्रा चुलीपुढून उठेना. वर वारा असा की टेकाडावर बर्फाचं चिपूट राहिना, सगळा उडून खळग्यात येऊन पडायचा.

आणि गाश्पारनं टेकाड पुरलं नव्हतं. आधीचे हिवाळे मऊ गेले होते, शिवाय बायको वारल्यापासून त्याला गडीही टिकत नव्हते, शिव्या देतो म्हणून. नोव्हेंबरात मी विचारलंही होतं, "भाऊजी, वेली उघड्याच ठेवणार?" तर म्हणाला, "टेकाडावर थंडी चढत नाही. तू तुझं खेचर सांभाळ."

विन्से संताचा दिवस आला. त्या दिवशी आमच्याकडे मळ्यात जाऊन चांगल्या वेलीला सॉसेजची माळ टांगायची, बुंध्यावर वाइन शिंपडायची आणि चार काड्या कापून आणून पाण्याच्या बरणीत खिडकीत ठेवायच्या, चुलीची ऊब लागेल अशा. दोनतीन आठवड्यांत काडीचे डोळे फुटले की मळा जिवंत, पीक येणार. नाही फुटले तर मग बोलायलाच नको. बरणी रस्त्याकडच्या खिडकीत ठेवायची पद्धत, म्हणजे येणारा जाणारा बघतो. गावातल्या बायका त्या दिवसांत सरळ चालतच नाहीत, एकेका खिडकीपाशी रेंगाळतात.

माझी बियांका सगळ्यात आधी फुटली. बाकीच्यांच्या काही फुटल्या, काही मेल्या. ज्यांनी वेली पुरल्या होत्या त्यांचं निभावलं. गाश्पारची खिडकी मात्र आधी रिकामी होती. मग पडदा ओढलेला. आणि मग एका सकाळी पडदा बाजूला आणि बरणीत काड्या, डोळे टरारून फुटलेले.

मी पाव घेऊन येत होते. थांबले. नाक काचेला लावून बघितलं.

एझेर्योचा कोंब फुटतो तेव्हा लोकरीची टोपी घातल्यासारखा पांढरा, केसाळ असतो. हे कोंब होते गुळगुळीत, हिरवे, नागडे. माझ्या खिडकीत होते तसेच्या तसे. अगं बाई, म्हटलं, ही तर माझी पोरं!

तशीच खळग्यात गेले. मी कापल्या तिथून चार रांगा पलीकडे काड्या कापलेल्या होत्या, काप या थंडीतलेच. चोराचा माग बघायला वाकले तर एक पाऊल नीट आणि दुसरं ओढत नेलेलं, बर्फात गोठून राहिलेली लांब रेघ. ते पाऊल मी रोज माझ्या अंगणात बघते.

रागात मी नवऱ्याला अरेतुरे करते. घरी जाऊन पाव टेबलावर आपटला.

"तू दिल्यास काड्या?"

वेंदेल चाकूनं डुकराच्या चरबीचे काप करत होता. कापतच राहिला. "दादा रडला गं माझ्यापुढं," म्हणाला. "टेकाड गेलंय त्याचं. सगळं काळं पडलंय. शहरातून गिऱ्हाईक येतंय, बेरेन्ड म्हणून. यंदाच्या पिकासकट घेतो म्हणतोय. विकून दादा लेकीकडं जाईल, आपल्यालाही शांतता."

"टेकाड विकतोय?"

"त्याचं आहे, तो विकेल."

"तुझं आहे!" मी ओरडले. "आबांनी तुला दिलेलं! परक्याला विकलं की संपलं, मग तो मेल्यावरसुद्धा परत मिळायचं नाही. आणि माझ्याच पोटच्या काड्यांवर विकतोय? तू हातानं नेऊन दिल्यास?"

"एतेल, तू गप्प राहा. एवढंच मागणं माझं. माझी लाज काढू नकोस."

वेंदेल माझ्याकडं कधी काही मागत नाही. गरीब माणूस, मुंगीलाही बाजूला हो म्हणणार नाही. मी त्याच्याकडं बघितलं, चरबीचे काप बघितले. गप्प राहीन असं मात्र म्हटलं नाही.

गिऱ्हाईक आलं त्या दिवशी गाश्पारनं तळघरात बैठक मांडली. पिंपांच्या मध्ये टेबल, पाव, कांदा, सॉसेज, जर्दाळूची कडक दारू. गावचे आम्ब्रुश काका बोलावलेले. ते आमच्या मळ्यांचे पंच, सीमेचा तंटा असो की वेलीचा रोग, त्यांचा शब्द शेवटचा. बेरेन्ड जाड कोट घालून बसलेला, बाहेरच्या वाऱ्यात टेकाडावर चढायची त्याची इच्छा दिसत नव्हती. टेबलाच्या मधोमध ती बरणी. वेंदेलही होता, कोपऱ्यात, पेला दोन्ही हातांत धरून.

मी पायऱ्या उतरून आले. शालीआड नव्हे, उघड हातात माझी बरणी होती. वेंदेलनं मला बघितलं आणि डोळे मिटून घेतले.

"ये, ये," गाश्पार म्हणाला, पण आवाज पातळ झाला. "काय आणलंस?"

"काही नाही, भाऊजी. तुमच्या काड्यांना सोबत आणली." आणि बरणीला बरणी लावून ठेवली.

आम्ब्रुश काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. एका बरणीतला कोंब चिमटीत धरला, मग दुसऱ्या. हुंगला. मग गाश्पारकडं बघून म्हणाले, "गाश्पार, हे एझेर्यो नाही रे."

"काय नाही? माझ्या टेकाडावरची काडी आहे!"

"लोकर कुठाय मग? तुझ्या एझेर्योनं हजामत केली का?"

बेरेन्ड उठला. टोपी घातली. "मला मेलेला मळा दाखवायला एवढ्या लांब बोलावलंत?" एवढंच म्हणाला. दारूचा पेला तसाच भरलेला राहिला आणि वर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

गाश्पारचा चेहरा बीटासारखा झाला. मला वाटलं मारतो. पण त्यानं बोट वळवलं कोपऱ्याकडं. "तुझ्याच नवऱ्यानं आणून दिल्या! विचार त्याला! स्वतःच्या बायकोच्या मळ्यात चोरी करतो, असला मर्द आहे तुझा!"

आता सगळे वेंदेलकडं बघायला लागले. तो उठला, पेला पिंपावर ठेवला, आणि एक पाय ओढत पायऱ्या चढून गेला. प्रत्येक पायरीवर आवाज झाला. हे असं होणार हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून मी गेले होते. दिराचं नाक कापायला नवऱ्याचं आधी कापावं लागलं, त्याला मी काय करू?

त्या दिवसापासून वेंदेल माझ्याशी बोलेना. जेवायचा, लाकडं फोडायचा, कुत्र्याशी बोलायचा. "चल रे बाबा, आपण दोघं बाहेर बसू," असं मला ऐकू जाईल असं म्हणायचा.

मार्च लागला. थंडी ढिली पडली. एका दुपारी मी टेकाडावर गेले, एकटीच. खरं सांगते, मेलेलं बघायला गेले होते. गाश्पारचं वाटोळं झालेलं डोळे भरून बघावं, एवढीच इच्छा. वेली काळ्याठिक्कर. काडी हातात घेतली की कट्कन मोडायची, आत तपकिरी भुसा. रांगेमागून रांग तेच. मग चालता चालता सासऱ्यांच्या हातची जुनी वेल आली, वाकड्या खोडाची. तिला मी लग्नाच्या वर्षी पहिल्यांदा पुरलं होतं, आणि सासरे म्हणाले होते, "पोरी, बाळाला पांघरूण घालतात तसं घाल, मढ्याला माती घालतात तसं नको." मला एकदम रडू आलं. त्या मेल्यानं हिला मारलं म्हणून आलं, दुसरं काही नाही.

खाली बसले. बघते तर वाऱ्यानं वाळू ओढून खोडाच्या पायाशी ढीग केलेला. वर बर्फ टिकला नाही पण वाळू टिकली होती. मी हातानं उकरलं, कोपरापर्यंत. खाली खोड गार, ओलसर. नखानं साल खरवडली.

हिरवी.

दुसरी वेल उकरली. हिरवी. तिसरी मेलेली. चौथी हिरवी. वर सगळं जळालं होतं, पण वाऱ्यानं खाली फुकट पांघरूण घातलं होतं, आणि आमच्या वाळूत वेली स्वतःच्याच मुळावर उभ्या असतात, कलमं नसतात. बुंध्यातून फुटलेली वेल परत एझेर्योच. यंदा पीक नाही, पण पुढच्या वर्षी असतं.

हे गाश्पारला कळायला हवं होतं. जुना शेतकरी आहे. पण त्याच्या खिडकीत त्याच्या स्वतःच्या काड्या फुटल्या नव्हत्या, आणि विन्सेची काडी मेली की मळा मेला, हे इथल्या माणसाच्या डोक्यात आईच्या दुधाबरोबर जातं. काडी फक्त डोळ्याचं सांगते, मुळाचं नाही, हा विचार करायला वाकावं लागतं. आणि वाकणं गाश्पारला कधी जमलं नाही.

मी खड्डे बुजवले. वरून वाळू हातानं सारखी केली. घरी आले आणि कुणालाही सांगितलं नाही. वेंदेलला तर नाहीच, तो पळत जाऊन भावाला सांगून आला असता.

आम्ब्रुश काकांच्या हाती गाश्पारला निरोप धाडला. खळगा घ्या, टेकाड द्या. जसं आहे तसं. माझी जिवंत बियांका तुम्हाला, तुमचं मेलेलं टेकाड आम्हाला.

काकांनी माझ्या तोंडाकडं टक लावून बघितलं. "डोकं ठिकाणावर आहे ना, पोरी?"

"टेकाड सासऱ्यांनी आम्हाला दिलं होतं. मेलेलं का होईना, मला ते पाहिजे."

वेंदेल हे ऐकून इतक्या दिवसांनी पहिल्यांदा बोलला. "सूडापायी जिवंत मळा देऊन सरण विकत घेतेस तू," म्हणाला. मी म्हटलं, "सही करा." माझ्यावर चिडून त्यानं होकार दिला. घे, मर, असा चेहरा होता.

आम्ही टेकाडावर जमलो. गाश्पार आला तो हसू दाबतच. गावातले दोघंचौघं मजा बघायला आलेले. "बाई रागानं आंधळी झाली," असं कुणीतरी मोठ्यानंच म्हटलं.

गाश्पारनं एक काडी मोडली, कट्कन. माझ्या नाकापुढं धरली. "बघितलंस ना? नंतर बोंबलायचं नाही."

"बघितलं, भाऊजी."

"मागं फिरायचं नाही."

"तुम्हीच फिरू नका म्हणजे झालं."

तो हे ऐकून जरा थबकला. माणूस हलकट, पण मूर्ख नाही. माझ्याकडं बघितलं, मग वेलींकडं. आणि नेमका त्या वाकड्या खोडाच्या वेलीपाशी गेला. वाळू तिथं थोडी खचली होती, मी बुजवलेला खड्डा रात्रीच्या पावसानं बसला होता. तो त्याकडं बघायला लागला.

मी चार ढांगांत तिथं पोचले आणि माझा गमबूट त्या खचलेल्या जागेवर ठेवला, सगळं वजन टाकून. कमरेवर हात ठेवले.

"काय भाऊजी, आबांच्या वेलीच्या पाया पडताय का? पडा पडा. त्यांच्या नावावर खोटं बोललात, माफी मागून घ्या."

माणसं हसली. गाश्पार वाकायच्या बेतात होता तो ताड्कन सरळ झाला. "मी कुणापुढं वाकत नाही," म्हणाला. "काका, उरका."

व्यवहार पक्का झाला की आमच्याकडं दोघांनी हात मिळवायचा आणि एकाच सुरईतून प्यायचं. ते एकदा प्यालं की राजा आला तरी मोडत नाही. सुरई मी आणली होती. गाश्पारनं तोंडाला लावली आणि ओळखलं. बियांका.

"थुंकणार का?" मी विचारलं. "थुंकलात तर व्यवहार मोडला."

त्यानं माझ्याकडं डोळे वटारून बघितलं आणि गिळली. गळ्याची घाटी वरखाली होताना मी बघत होते. मग मी प्यायले, मग वेंदेलनं ओठ लावले. कागदावर सह्या झाल्या. गाश्पार शीळ घालत खाली उतरला, माझ्या खळग्याकडं, माझ्या वेलींकडं. ते बघवलं नाही मला. मी पाठ फिरवली.

एप्रिल कोरडा गेला. वेंदेल मुकाट्यानं टेकाडावर यायचा, मी सांगेन तिथं जळक्या काड्या कापायचा. मी म्हणायची, खोड उपटू नका, बुंधा राहू द्या. तो विचारायचा नाही का म्हणून. एकदा फक्त म्हणाला, "मढ्याचे केस कशाला विंचरायचे?"

मे महिन्यात एका सकाळी मी पीठ मळत होते आणि त्याची हाक ऐकू आली. टेकाडावरून. इतक्या जोरात की मला वाटलं परत पडला. पिठाच्या हातांनी पळत गेले. वेंदेल आबांच्या वेलीपुढं गुडघे टेकून बसला होता. बुंध्यातून, वाळू फोडून, कोंबच कोंब आले होते, लोकरीच्या टोप्या घालून. पुढच्या रांगेत आले होते. त्याच्या पुढच्या रांगेत आले होते.

"एतेल," तो म्हणाला, "हे जिवंत आहे."

"मग?"

त्यानं माझ्याकडं वर बघितलं. "तुला माहीत होतं."

"होतं."

"आणि मला मेलेल्याच्या कागदावर सही करायला लावलीस?"

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?"

काय केलं असतं ते दोघांनाही ठाऊक होतं. मग त्यानं हळूच एका कोंबाला बोट लावलं, तान्ह्या पोराच्या गालाला लावतात तसं.

गाश्पारला दुपारपर्यंत कळलं. धापा टाकत टेकाड चढून आला. रांगा बघितल्या, हिरवं बघितलं आणि त्याच्या तोंडाला फेसच आला.

"फसवलंस! थेरडे, फसवलंस मला!"

"मी काय फसवलं? जसं आहे तसं घेतलं. चार माणसांत घेतलं. तुमच्याच पायाखाली होतं, भाऊजी. जरा वाकला असता तर दिसलं असतं."

"मी काकांकडं जातो! व्यवहार मोडतो!"

"बियांका प्यायलाय तुम्ही त्यावर. सगळ्यांनी बघितलंय."

तो वेंदेलकडं वळला. आवाज एकदम बदलला. "वेंदेल. अरे, तू तरी. भाऊ ना मी तुझा?"

वेंदेल जळकी काडी कापत होता. मान वर केली नाही. मला वाटलं, आता हा म्हणणार, जाऊ दे. तो म्हणाला, "आबा शेवटी खरंच काय म्हणाले होते, दादा?"

गाश्पारनं टोपी खाली ओढली. तो तसाच उतरून गेला.

नोव्हेंबरात आम्ही दोघांनी टेकाड पुरलं. कुदळीनं वाळू ओढताना माझं कंबरडं असं दुखलं की रात्री कूस बदलायला वेंदेलचा हात लागायचा. आणि खाली खळग्यात गाश्पारला काही करावं लागलं नाही. त्याची बियांका, म्हणजे माझी, उघड्यावर मजेत उभी. ऑगस्टात भरघोस पीक दिलं तिनं त्याला, एकदासुद्धा फवारावी लागली नाही. माझ्या हातची वेल त्या मेल्याला असं घबाड देत होती आणि मी वाळूत वाकले होते. मी बियांकाला शिव्या दिल्या. मग तिची काय चूक म्हणून परत घेतल्या.

आणि योहान संताचा दिवस आला.

आमच्याकडं यंदा वाइन नव्हती, तरी मी रिकामा पेला घेऊन गेले. वर्षभर याच दिवसाची वाट बघत होते. गाश्पारच्या घरात यंदा एकच वाइन होती आणि ती आणल्यावाचून गत्यंतर नव्हतं. सगळ्या गावाला ते ठाऊक. त्याच्या हातात सुरई, आत पिवळीधमक बियांका. आशीर्वाद झाला, सगळे अंगणात आले आणि गोलाकार उभे राहिले. वाट माझ्यासाठी मोकळी ठेवली होती, मला दिसत होतं ते. बायका एकमेकींना कोपरं मारत होत्या.

रिवाजाप्रमाणं त्याला मला ओतावीच लागली. सुरईचं तोंड पेल्यावर टकटक वाजत होतं.

मी ठरवून आले होते. पायाजवळ कोरा बर्फ होता. पेला उचलायचा, वास घ्यायचा, तोंड वाकडं करायचं आणि ओतायचं. तसाच डाग पाडायचा. गाश्पारच्या डोळ्यांत दिसत होतं, तोही त्याचीच वाट बघतोय. ती सगळी विकायची होती त्याला, गावापुढं, आणि माझ्या तोंडच्या शब्दावर सगळं होतं.

"कशी झालीय?" त्यानं विचारलं. मला विचारलं, माझ्या दिरानं, चार माणसांत.

पेला नाकाशी नेला. आणि खळगा आला. सकाळचं दव, ससे, जुने मोजे, गांधीलमाश्या, सगळं नाकात आलं. माझा हात वाकेना. माझ्याच पोरीला मी जमिनीवर कशी ओतू? डोळ्यांत पाणी आलं ते थंडीचं आहे असं दाखवायला नाक ओढलं आणि प्यायले. घोटाघोटानं, थेंब न थेंब. फार चांगली झाली होती, मेली.

मग पेला उलटा केला आणि त्याच्या डोळ्यांपुढं हलवला.

"भाऊजी," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "चाकं धुवायला थेंब उरला नाही हो. आता तुमची गाडी मळकीच राहणार."

अंगण फुटलं हसून. आम्ब्रुश काकांना ठसका लागला. गाश्पार सुरई छातीशी धरून उभा राहिला, हसावं की जावं त्याला कळेना. आणि माझ्या मागं कुणीतरी खुदकन हसलं. मी वळून बघितलं. वेंदेल होता.